धाकटीचे तुकडे

८ एप्रिल

संग्रामपूरच्या लग्नाच्या व्हिडिओचं काम आज हातावेगळं झालं. सकाळी मशिनला लावलं आणि पोळ्या होईस्तोवर तिघींनी संपवलं. मागच्या वर्षी एवढंच लग्न एकट्या कार्डावर रात्रभर चालायचं. पहाटे वीज गेली की पुन्हा हळदीपासून.

आता फिल्मचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करायचे. पहिला थोरलीला, दुसरा मधलीला, तिसरा धाकटीला, चौथा पुन्हा थोरलीला. तिन्ही ग्राफिक्स कार्डं एकाच वेळी आपापला तुकडा दाबून लहान करतात, शेवटी ओळीने जोडले की झालं. कार्डांना ही नावं रेखाने दिलेली. "एका घरात तीन जावा, तीन चुली. एकमेकींशी बोलत नाहीत म्हनून काम होते." आपण तर दोघीच जावा, ही मधली कुठून आणलीस, असं मी विचारलं तर म्हणे, "भांडन सोडवाले."

रेखा फेब्रुवारीपासून येत नाही. तिच्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग असतो.

दुपारी नवरीचा भाऊ गजानन पेनड्राइव्ह न्यायला आला. सोबत एक बाई, दारातच उभी राहिली. त्याच्या घरची असावी.

"गोरी केली ना, ताई?"

"उजळ चारवर ठेवलंय. नवरदेव दोनवर."

"पाच नसतं जमलं का?"

"पाचवर नाक दिसत नाही."

तो हसला. बाईला पाणी दिलं. म्हटलं, वहिनी, नणंदेचा व्हिडिओ छान झालाय, सावकाश बघा. तिने मान हलवली आणि ग्लास परत दिला. काही बोलली नाही. उन्हातून आली होती.

१० एप्रिल

रेखा गच्चीवर कुरडया घालत होती. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, गच्ची सलग. मी कपडे काढायला गेले. "ऊन चांगलंय," मी म्हणाले. "हाव," ती म्हणाली. एवढंच.

फेब्रुवारीत मी तिला नेमकं काय म्हणाले होते ते आठवून पाहते. "आता तीन-तीन तास बसून डोळे कशाला फोडतेस? काम पटकन होतंय, घरी आराम कर." वाक्य मायेचं आहे. कोणालाही वाचून दाखवलं तर मायेचंच वाटेल. पण तिचं काम होतं ते बसून बघण्याचंच. द्यायच्या आधी प्रत्येक लग्न ती हळदीपासून पाठवणीपर्यंत पूर्ण बघायची. मांडीवर लसणाचं ताट, डोळे पडद्यावर. मधेच म्हणायची, "थांबवा ताई, मामाचं मुंडकं कापलं." तिघी कार्डं मिळून पोळ्यांच्या वेळात काम संपवणार आणि मग रेखा त्यावर तीन तास बसणार, हे मला खुपायला लागलं होतं. म्हणजे माया होती की घाई?

शिवाय ती उ., म्हणजे चेहरा उजळ करायचा फिल्टर, लावायची नाही. नवरीला उ. ४ लावून तुकडे पाठव म्हटलं की उठून पाणी प्यायला जायची. मी म्हणायचे, लोक मागतात. ती म्हणायची, मागू दे. का, ते मी कधी विचारलं नाही.

हेही खरं की ती यायची बंद झाली तेव्हा मला थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं. लिहून ठेवते.

१५ एप्रिल

गजाननचा फोन. मी आधी नाव ओळखलंच नाही, इतका आवाज चढलेला.

"ताई, हे काय करून ठेवलं? पाहुण्यायसमोर हसू झालं ना."

काल नवरीच्या, म्हणजे दीपालीच्या सासरी संग्रामपूरला घरभरणीचे पाहुणे जमले होते. जेवणं झाल्यावर व्हिडिओ लावला. नवरी मधेच गोरी, मधेच काळी. दहा मिनिटं गोरी, पाच मिनिटं काळी, पुन्हा गोरी. कोणीतरी मागून म्हणालं, "नवरीची एक फेज गेली वाट्टे." मग थांबेचना. तिसऱ्या वेळी काळी झाली तेव्हा पोरं ओरडली, "गेली, गेली," आणि परत गोरी झाली तेव्हा, "आली." नवऱ्याचे काका म्हणे, डीपीवर वायरमन पाठवा. सासू उठून आत गेली. दीपालीने स्वतः येऊन टीव्ही बंद केला.

मी "बघते" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

१६ एप्रिल

सापडलं. सकाळपासून बसले होते.

उ.चा फिल्टर धाकटीवर चालतच नाही. ती वेगळ्या कंपनीची, नागपूरहून जुनी घेतलेली. थोरली आणि मधली फिल्टर लावून तुकडा देतात. धाकटीला तो जमत नाही, ती तसाच तुकडा पुढे ढकलते. मशिनने थांबून मला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण "चूक आली तरी थांबू नको" या चौकटीत मीच खूण केली होती. मागे एकदा अर्ध्या रात्री काम अडून बसलं होतं, तेव्हापासून.

आणि मी फक्त सुरुवातीची दोन मिनिटं आणि शेवटची दोन मिनिटं बघून पेनड्राइव्ह दिला. सुरुवात थोरलीची. शेवट मधलीचा.

फेब्रुवारीनंतरची आणखी दोन लग्नं काढून बघितली. त्यांतही तसंच आहे. नवऱ्या मुळात गोऱ्या, म्हणून फरक नजरेला येत नाही. कोणी तक्रार केली नाही.

एवढंच असतं तर लाज धंद्याची होती. पण मग मी धाकटीचे तुकडे एकामागून एक लावून बघितले. दीपाली सावळी आहे, चांगली सावळी. कपाळावर घाम, नाकाच्या शेंड्यावर हळद राहिलेली, घास भरवताना नवऱ्याच्या बोटाला दात लागले म्हणून हसते आहे. मी चित्र थांबवलं.

ही बाई माझ्या दारात उभी होती.

मी तिला वहिनी म्हणाले होते. तिच्याच हातात पाणी देऊन तिला सांगितलं, नणंदेचा व्हिडिओ छान झालाय. आठ-दहा दिवस मी तिच्या चेहऱ्यावर काम करत होते. प्रत्येक विधीत तिचा चेहरा मोठा करून बघितला होता. आणि समोर आली तेव्हा ओळखलं नाही, कारण मी बघत होते तो उ. ४ होता.

ती काही बोलली नाही. ग्लास परत दिला.

१८ एप्रिल

ह्यांना सगळं सांगितलं. शूटिंग ह्यांचंच आहे, सावळी नवरी ह्यांनी कॅमेऱ्यातून दिवसभर बघितली. "तुम्ही तरी सांगायचं, दारात ती आहे म्हणून." तर म्हणतात, "मी कुठे होतो घरी?" खरं आहे.

"धाकटी बाजूला ठेव. दोघींवर लाव, सगळीकडे उ. चार. संध्याकाळपर्यंत देऊन टाक. विषय संपला."

"आणि तिला विचारायचं नाही?"

"ऑर्डर तिच्या भावाची आहे. आपण धंदा करतो, निवाडा नाही."

हे चिडून नाही बोलले, समजावून बोलले.

नंतर गजानन स्वतः आला, मोटरसायकल सावलीत लावून. आज आवाज खाली होता. मी म्हणाले, पूर्ण व्हिडिओ उ. न लावता दिला तर? ती आहे तशीच चांगली दिसते.

त्याने माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमचं काय जाते. तिले राहाचं हाय तिथं. एकदा हसले. आता अख्खी काळी दाखोली त म्हनतील, पह्यले लपोत होते, सापडल्यावर खरी दाखोली."

चूक माझ्या हातून झाली नसती तर उ. न लावलेला व्हिडिओ फक्त एक व्हिडिओ असता. आता तो पुरावा झाला. माझ्या निष्काळजीपणाने तिचा खरा चेहराच पकडलेल्या चोरीसारखा करून टाकला.

"मंग करता ना?" जाताना म्हणाला.

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दीपाली माहेरी येणार, तेव्हा घेऊन जातो म्हणाला.

२१ एप्रिल

रेखाकडे गेले. दारातून, गच्चीवरून नाही. ती शिलाई मशिनवर साडीला फॉल लावत होती. हल्ली इथल्या, मोताळ्यातल्या दोन दुकानांचं काम घेते. मला हे तिच्याकडून नाही, दुकानदाराकडून कळलं होतं.

मी सगळं सांगितलं. फेजचा विनोद सांगितला तेव्हा तिला हसू आलं, तिने दाबलं नाही. मग मी वहिनी म्हणाल्याचं सांगितलं. ते ऐकून मशिनचं चाक हाताने थांबवलं.

"अन् आता मले काऊन सांगून राह्यल्या?"

"तू असतीस तर हे घराबाहेर गेलं नसतं."

"मी असती त उ. लागलंच नसतं ना." पुन्हा दोन टाके घातले. "माह्या लग्नाची क्यासेट पाह्यली तुम्ही?"

कधीतरी पाहिली होती. तिच्या माहेरच्या गावातल्या कुठल्याशा स्टुडिओने केलेली. मला काही विशेष आठवलं नाही, तसं सांगितलं.

"त्यायनं इतकं पांढरं केलं का नुसते डोये अन् कुंकू. माहेरी लावली त माहा बाप म्हने, हे कोन होय? आमची रेखा कधी येते? सगळे हसले, मीबी हसली. आता बाप नाही. क्यासेट हाय. थ्या क्यासेटमधी तो माह्यासंग बसून हाय, पन मी नाही त्यात. त्याच्याबाजूले कोन बसून हाय त देव जाने."

इतकी वर्षं एका खोलीत काम केलं. ती पाणी प्यायला उठायची तेव्हा मी मनात म्हणायचे, हट्टी आहे. एकदा "का गं" म्हणायला काय लागत होतं?

निघताना म्हणाले, परत येशील का बघायला?

"पाहू," म्हणाली. फॉलचा दोरा दाताने तोडला.

२३ एप्रिल

उ. न लावता पूर्ण लग्न पुन्हा काढलं. तिघींवर. धाकटीला आता काही अडचण नव्हती. ती चौकट मोकळी केली आहे. चूक आली तर थांबू दे.

दुसरी प्रतही काढली, सगळीकडे उ. ४, थोरली आणि मधलीवर. का काढली? गजाननला सरळ नाही म्हणायची हिंमत नाही म्हणून. आणि त्याचं म्हणणं मला खोटं पाडता आलं नाही म्हणूनही. दोन्ही कारणं आहेत, कोणतं मोठं ते ठरवता येत नाही.

२४ एप्रिल

दुपारी रेखा आली. खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले आणि बसली. लसूण आणला नव्हता.

"कोनता पाह्याचा?"

"साधा."

पूर्ण बघितला. मीही बाजूला बसून, न उठता. किती दिवसांनी आपलंच काम असं सलग बघितलं. जोडांवर एके ठिकाणी सनईला खट्ट झालं, ते तिने धरलं. मी आवाजाचा पट्टा आता तुकड्यांतून न जोडता मूळचा अखंडच खाली लावला. दोन्ही प्रतींना तोच.

मग मांडवातला एक प्रसंग आला आणि तिने हात वर केला. "मांगं घ्या."

मागे घेतलं. मंगलाष्टकं संपून गर्दी झाली आहे. दीपालीचा चेहरा घामाने निथळतोय, डोळ्यांत घाम जातो आहे, हात मात्र हारात अडकलेले. सासू बाजूने येते, पदराच्या टोकाने तिचं कपाळ पुसते, मग नाक, मग गळा. आपल्या लेकराचं पुसावं तसं, जरा दाबूनच. काहीतरी म्हणते, बँडमध्ये ऐकू येत नाही. दीपाली मान हलवते.

"हे मी पहिल्या प्रतीत कसं नाही बघितलं?" मी विचारलं.

रेखाने ती पहिली प्रत लावायला सांगितली. तिथे बघितलं तर तो तुकडा थोरलीचा. चेहरा सपाट, पिठासारखा, घामच नाही. घाम नाही म्हणून पुसणंही नाही. सासूचा पदर उगीच समोरून गेल्यासारखा वाटतो. कोणी बघून म्हणेल, बाई कॅमेऱ्याच्या मधे आली.

फिल्म जुळवताना मी हे दृश्य कापायचं ठरवलं होतं, आता आठवलं. "मधे आली" म्हणूनच. मग राहून गेलं.

"सासू वाईट नाही वाट्टे," रेखा म्हणाली.

"त्या दिवशी उठून आत गेली होती ना."

"लाज वाटली म्हनून गेली का राग आला म्हनून, हे गजाननले काय मालूम?"

जाताना मी विचारलं, उद्या येशील? आणखी एक लग्न आहे बघायला. म्हणाली, "उद्याचं उद्या."

३० एप्रिल. आखाजी

दीपाली आली.

या वेळी मी दारात जाऊन उभी राहिले. "ये दीपाली," म्हणाले. ती हसली. "आज वहिनी नाही का?"

माफी मागायचं ठरवून ठेवलं होतं, वाक्यही जुळवलं होतं. तिने मधेच तोडलं. "जाऊ द्या हो ताई. दादाबी हसून राह्यला होता रस्त्यानं. म्हने, फोटोवालीलेच नवरी नाही ओळखू आली."

म्हणजे त्या दिवशी ते दोघं हसले होते. मला बरं वाटलं. मग वाटलं, ती मला बरं वाटावं म्हणूनच सांगते आहे.

गजानन पानाच्या टपरीवर थांबला होता. मी रेखाला हाक मारली, ती फॉलची साडी हातात घेऊनच आली. तिघी बसलो. मी दीपालीला सांगितलं की दोन प्रती आहेत, आणि तू सांगशील ती देईन. तिने विचारलं नाही कोणती कशी. "दाखवा" म्हणाली.

मी साधी लावली, मांडवाचा प्रसंग. कपाळ, नाक, गळा. दीपाली खुर्चीत पुढे सरकली.

"मले हे याद होतं," म्हणाली. "घरी पाह्यलं त दिसलंच नाही. मले वाटलं मीच मनानं बनवलं का काय."

"काय म्हणाल्या होत्या त्या?"

"म्हने, रडू नको बाई. म्या म्हनलं, रडून नाही राह्यली, घाम होय. त म्हने, मंग ठीक हाय." हसली. मग पडद्याकडे बघतच म्हणाली, "घरभरणीपासून त्यायनं माह्याशी व्हिडिओचं नावच नाही काढलं. चांगलं बोलतात, जेवू घालतात. पन हे नाही. त्यायले काय वाटलं हे मले समजतच नाही. आमी लपोलं असं वाटलं, का लोकं हसले म्हनून वाईट वाटलं. विचारू कसं?"

रेखा म्हणाली, "हा नेऊन दाखो ना."

"अन् पुन्हा हसले त?"

बाहेरून गजाननने हॉर्न दिला.

मी विचारलं, मग कोणती देऊ? ती म्हणाली, तुमच्या मनानं द्या. मी म्हणाले, माझ्या मनानं एकदा दिली, त्याचं काय झालं बघितलंस. त्यावर तिने दोन्ही पेनड्राइव्ह उचलले. लाल उ.चा, निळा साधा. लाल हातात ठेवला, निळा पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला.

दारात गजाननने विचारलं, "झाली का गोरी?" तिने लाल दाखवला. तो निर्धास्त होऊन मला नमस्कार करून गेला.

मी काहीच बोलले नाही. खोटं बोलले नाही, असं मला म्हणता येईल का?

२ मे

कालपासून डोक्यात एकच. साधी प्रत मी कोणासाठी काढली? तिच्यासाठी म्हणून सांगते. पण ती माझ्याकडे मागायला आली नव्हती. तिने फोनही केला नव्हता. माझी चूक मला अंगावरून उतरवायची होती, आणि उतरवायला तिच्या घराचा टीव्ही शोधला. हसू झालं तर संग्रामपूरला होणार, मोताळ्यात नाही.

गजाननचं वाक्य. तुमचं काय जाते.

त्याच वेळी पदराचा तो प्रसंग तिला दिसला नसता तर तिने आयुष्यभर तो मनाने बनवला असं समजलं असतं. हेही खरं.

५ मे

उंद्रीच्या लग्नाची ऑर्डर, फिल्म जुळवून तयार. नवरीच्या काकांनी सांगितलं, उ. चार. मी म्हणाले, नवरीला विचारून सांगते. ते बुचकळ्यात. "तिले काय विचाराचं?" तरी नंबर घेतला आणि फोन लावला. रेखा खुर्चीवर बसून ऐकत होती.

मी जरा जपून, सविस्तर विचारलं. उजळ करायचं की जसं आहे तसं ठेवायचं, तुझा व्हिडिओ आहे, मनापासून सांग.

ती म्हणाली, "चारनं काय होते ताई? सहा लावा ना. अन् दाढीखालचंबी कमी होत असंन त करा."

फोन ठेवल्यावर रेखा इतकी हसली की पाणी प्यायला उठावं लागलं. मीही हसले. मग तिने ग्लास ठेवला. "लावा सहा," म्हणाली. "तिनं सांगतलं ना." पण तुकडे मीच पाठवले. तिने हात लावला नाही.

सहावर खरोखरच नाक जातं. पाचपेक्षा जास्त. उद्या पुन्हा फोन करून सांगावं का? की तिचं नाक तिचं?

९ मे

संध्याकाळी दिवे लावत होते तेव्हा दीपालीचा फोन. आवाज बारीक, भांड्यांचा आवाज मागे.

"ताई, व्हिडिओ लावला."

"कोणी?"

"सासूबाईनं. माहे दोन्ही पेनड्राइव म्या टीव्हीजवळ ठेवले होते, परवापासून. काही सांगतलं नाही. म्हटलं, पाहू. आज नणंद आली, त्यायच्या गल्लीतल्या बाया आल्या. मी चहा ठेवाले आत आली अन् इकडे सनई सुरू झाली. हळद पुढं सारून मांडवच लावला वाट्टे."

"कोणता लावला? लाल का निळा?"

"तेच त. मले मालूमच नाही. आवाजानं समजन म्हनून कान देऊन उभी हाय."

आवाजाने समजणार नव्हतं. आवाजाचा पट्टा मीच अखंड ठेवला आहे, दोन्ही प्रतींत एकच. तसं तिला सांगितलं.

"अस्सं," म्हणाली.

फोनमधून मलाही ऐकू येत होतं. सनई, भटजी, मधेच आमच्या ह्यांचा "इकडं बघा, नवरदेव" हा आवाज. बायकांचा आवाज नव्हता. हसण्याचाही नाही. मी विचारलं, कुठवर आलाय? तिने ऐकून सांगितलं, "मंगलाष्टकं चालू हाय. संपत आली." म्हणजे पदराचा प्रसंग आता येणार.

रेखा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती, फोनला कान लावून. पलीकडे चहा उतू गेल्याचा फस्स आवाज आला, दीपालीने गॅस बंद केला असावा. मग बँड वाजायला लागला आणि त्यावर कोण्या बाईचा आवाज, खोलीतला, व्हिडिओतला नाही. "अवं दीपाली, इकडं ये."

"कोण बोलावतंय?" मी विचारलं.

"सासूबाई."

"कशा आवाजात?"

"ताई, त्यायचा आवाज नेहमीच असा असते." कपांचा आवाज आला, ट्रे उचलला असावा. "जातो मी. चहा थंडा होऊन राह्यला."

फोन चालूच राहिला होता. ओट्यावरच विसरली. आम्ही दोघी बँड ऐकत उभ्या होतो. मग तोही बंद झाला. व्हिडिओ थांबवला की मागे घेतला, ते इकडून कळेना.